नदीचे मूळ, जलपरीचे कूळ

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली एक इंग्रजी प्रेमकादंबरी, तीही जलपरीची, आम्ही दोघांनी आळीपाळीने वाचावी आणि पुढे कित्येक दिवस तिच्याबद्दल बोलत राहावे, याचे आमचे आम्हालाच नवल वाटते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. विठ्ठलवाडीला राहतो, सकाळी एक जण कर्जतकडची गाडी धरतो, दुसरी मुंबईकडची. वाचनाची सवय जुन्या वळणाची. जलपरी म्हटली की अँडरसन आणि आपल्याकडची म्हटली की मत्स्यगंधा, यापलीकडे आमची मजल गेली नव्हती.

पुस्तक आले ते एका विद्यार्थिनीकडून. द्वितीय वर्ष कला शाखेतली मुलगी, वर्गात मागच्या बाकावर बसणारी, पण ऐकणारी. नाटकाच्या तासाला वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'चा (१९६४) विषय निघाला होता. अभिषेकींचे संगीत, आशालता वाबगावकर, रामदास कामत यांच्याबद्दल नेहमीप्रमाणे चार वाक्ये जास्तच बोलून झाली. तास संपल्यावर ही मुलगी पिशवीतून एक कोपरे दुमडलेले पुस्तक काढून म्हणाली, "मॅडम, ही पण तशीच आहे. किलोवरच्या पुस्तकांत मिळाली. वाचून सांगाल का, कशी वाटली ते? सरांना पण द्या." पुस्तकाचे नाव 'ऑफ पोसायडन'. लेखिका अमेरिकन, अ‍ॅना बँक्स. प्रकाशन २०१२ सालचे. पुढे याचे आणखी दोन भाग आले, २०१३ आणि २०१४ साली. पण त्यांचा विचार इथे करण्याचे कारण नाही. आमची निराशा पहिल्या भागानेच पुरती केली.

सुरुवात मात्र बरी आहे; भिडेखातर म्हणत नाही, खरोखरच बरी आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर एमा नावाची मुलगी मैत्रिणीबरोबर सुट्टीला आलेली असते. तिथे गेलन नावाच्या देखण्या मुलाशी तिची टक्कर होते. टक्कर अक्षरशः, कारण या प्रकारच्या कादंबऱ्यांत नजरानजर पुरत नाही. आणि त्यानंतर लवकरच शार्क माशाच्या हल्ल्यात तिची मैत्रीण क्लोई मरते. एमा पाण्यात त्या माशाशी अक्षरशः ओढाताण करते. या पानांत समुद्र समुद्रासारखा वागतो. तो घेतो, आणि घेतलेले परत देत नाही. आम्हाला वाटले, चला, काहीतरी हाती लागणार.

पण क्लोई मेली ती एवढ्यासाठीच की, एमाच्या अंगी मासे ताब्यात ठेवण्याची शक्ती आहे हे गेलनला दिसावे. ते दिसले, आणि मैत्रिणीचे काम संपले. शोकाला म्हणून काही पाने दिली आहेत, पण तो शोक कथेला कुठे नेत नाही. कथा न्यू जर्सीतल्या एमाच्या शाळेत येते; समुद्राचा राजपुत्र तिच्याच वर्गात नाव घालतो; आणि यापुढे जे चालते त्याला रुसवेफुगवे यापेक्षा मोठा शब्द आम्हाला सुचत नाही. एमाचे कथन प्रथमपुरुषी, गेलनचे तृतीयपुरुषी, दोन्ही वर्तमानकाळात. युक्ती वाईट नव्हती. जमिनीवरचा आवाज आणि पाण्यातला आवाज यांत अंतर ऐकू आले असते तर कादंबरीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला असता. परंतु दोघेही एकाच प्रकारचे विनोद करतात, एकाच प्रकारे चिडतात. पान उघडल्यावर आत्ता बोलते कोण हे सर्वनामावरून ओळखावे लागते.

या कादंबरीतल्या समुद्रवासींना जलपरी म्हटलेले खपत नाही. ते स्वतःला 'सिरेना' म्हणवतात. त्यांची दोन घराणी आहेत, एक ट्रायटनचे, एक पोसायडनचे. वयात आलेल्या तरुणाने जोडीदार शोधणे याला त्यांच्यात 'सिफ्ट' असा शब्द आहे. शब्दशः अर्थ चाळणे. आपल्याकडे स्थळे पाहतात, तिकडे चाळतात, एवढाच फरक. ठराविक पिढ्यांनंतर दोन्ही राजघराण्यांचा संबंध जुळलाच पाहिजे, नाही तर घराण्यांच्या दैवी शक्ती लोप पावतात असा त्यांचा समज. माणसाशी संबंध निषिद्ध. आणि माणूस व सिरेना यांच्या संकरातून झालेल्या संततीला कायद्याने जगण्याचा हक्क नाही. हे वाचताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. वर्णसंकराची ही भीती आम्हाला काही समुद्राच्या तळाशी जाऊन शोधावी लागत नाही.

गंमत अशी की गेलन एमाला प्रथम शोधतो तो स्वतःसाठी नव्हे. थोरला भाऊ ग्रॉम राजपदाचा धनी. त्याला पोसायडन घराण्यातली वधू हवी. ती आणून देण्याचे कर्तव्य धाकट्याचे. भावासाठी वधू आणायला गेलेला राजपुत्र म्हटल्यावर महाभारत शिकवणाऱ्याला काशीचे स्वयंवर आठवणारच. तिथेही तीन राजकन्या विचित्रवीर्यासाठी रथात घातल्या गेल्या, आणि त्यांतल्या अंबेने आपले मन शाल्वावर आहे असे सांगितल्यावर जे सुरू झाले ते कुरुक्षेत्रावर शरशय्येपर्यंत पोचले. अ‍ॅना बँक्स यांच्या हाती हाच धागा आला होता. त्यांनी त्याची गाठ मारून फुलपाखरू केले. गेलनची जुळी बहीण रेना हिच्या बाबतीत तर याहून नवल. तिला न विचारता राजाच्या संमतीने तिचे लग्न टोराफशी लावून टाकले जाते. ती संतापते. तिचा तो संताप कादंबरी विनोदासाठी वापरते, आणि शेवटी तीच त्याच्या गळ्यात पडते. संमतीचा प्रश्न हसण्यावारी नेण्याची ही रीत आपल्या जुन्या मराठी चित्रपटांतही होती; पण २०१२ साली, वयात येणाऱ्या मुलींसाठी म्हणून लिहिलेल्या पुस्तकात ती भेटावी, हे आम्हाला खटकले.

यापेक्षा मोठी तक्रार वेगळी आहे. या समुद्रवासींना पाय फुकट मिळतात. मनात आले की शेपटी जाते आणि पाय येतात. पुन्हा पाण्यात उतरले की शेपटी हजर. १८३७ साली अँडरसनने जी गोष्ट लिहिली तिचा सगळा जीव पायांच्या किमतीत आहे. तिथे जीभ कापून द्यावी लागते, आणि मिळालेल्या पायांनी टाकलेले प्रत्येक पाऊल सुरीवर पडते. शिवाय ती समुद्रराजाची मुलगी असते, पण जमिनीवर हे सांगणार कोण? वाचा तर तिने गमावलेली. राजपुत्राच्या लेखी ती किनाऱ्यावर सापडलेली एक मुकी पोर. तिचे कूळ तिच्या उपयोगी पडत नाही, हे त्या कथेतले क्रौर्य. आणि आमच्या मते तेच तिचे मोठेपण. १९८९ च्या डिस्नेच्या चित्रपटाने शेवटी लग्न लावून दिले, तेव्हापासून जगातल्या मुलींची अशी समजूत झाली आहे की ही एक सुखान्त कथा आहे. आपल्याकडचीच साक्ष काढायची तर उर्वशी आहे. अप्सरा या शब्दातच 'अप्' म्हणजे पाणी; तीही पाण्यातलीच बाई. पुरूरव्याकडे ती अटी घालून राहते, अट मोडते तेव्हा निघून जाते, आणि तो विनवणी करतो तेव्हा त्याला निष्ठुरपणे नाही म्हणते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला तो संवाद प्रेमकथा म्हणून वाचायला बसावे तर अंगावर काटा येतो. पाण्याची बाई आणि जमिनीचा पुरुष यांच्यातले अंतर तिथे बुजत नाही.

'ऑफ पोसायडन'मध्ये हे अंतर कसे बुजवले आहे? एमाला शेपटी नाहीच. ती पाण्याखाली फार वेळ राहू शकते, मासे तिचे ऐकतात, पण तिचे रूपांतर होत नाही. म्हणजे ती संकरित. म्हणजे कायद्याने तिला जगण्याचा हक्क नाही, आणि गेलनने तिच्यावर प्रेम करणे हा गुन्हा. इथे कादंबरीला खरा प्रश्न भेटला होता. कायदा की माणूस? लेखिकेने उत्तर दिले नाही. तिने एमाची वंशावळ काढली. शेवटच्या पानांत उलगडा होतो की एमाची आई, ती रात्रपाळी करणारी साधी परिचारिका, हीच पोसायडन घराण्याची मेली असे समजली गेलेली राजकन्या नालिया. झाले! आता एमा कोणी अशीतशी नाही. कायदा होता तिथेच राहिला. नायिकाच वर उचलून त्याच्या पलीकडे ठेवली. गावातली अनाथ पोर शेवटी इनामदाराची हरवलेली मुलगी निघते आणि मग तिच्याशी लग्न करायला कोणाची हरकत उरत नाही, असे पूर्वी आपल्याकडे पडद्यावर दाखवत. आम्ही समासात पेन्सिलीने 'जुनेच' असे लिहिले. (पुस्तक दुसऱ्याचे आहे हे नंतर लक्षात येऊन खोडले.)

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे आपण म्हणतो. व्यासांच्या बाबतीत तर हे दोन्ही एकाच जागी सापडते: यमुनेतले बेट, आणि नाव वल्हवणारी कोळ्याची मुलगी. तिचेही कूळ महाभारताने शोधून ठेवले आहे. आदिपर्वात ती उपरिचर राजाची मुलगी. शापाने मासळी झालेल्या अद्रिका अप्सरेच्या पोटची. जुळ्यांपैकी मुलगा राजाने ठेवून घेतला, मुलगी मात्र अंगाला मासळीचा वास येतो म्हणून कोळ्याला देऊन टाकली. एकाच पोटचा मुलगा राजवाड्यात आणि मुलगी नावेत. एवढ्या दोन ओळींत व्यास जे सांगून जातात ते शिकवायला आम्हाला एक तास पुरत नाही. पुढे देवव्रत बापासाठी मागणी घालायला येतो तेव्हा दाशराज त्याच्यापुढे कुळाचे पान टाकतोच, की ही मुलगी तुमच्याच तोलाच्या थोराची आहे. पण त्या पानाने व्यवहार मिटत नाही. अट राहतेच. राज्य द्यावे लागते, आणि त्यावर एका तरुणाचे सबंध आयुष्य. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) भीष्माच्या त्यागाचा जो हिशेब मांडला तो ज्यांनी वाचला आहे त्यांना ही किंमत किती पिढ्यांनी फेडली हे वेगळे सांगायला नको. महाभारतात कूळ सांगितले जाते आणि तरीही किंमत चुकत नाही. या कादंबरीत कूळ सांगितले की बिलच फाडले जाते.

हे सगळे आम्ही त्या मुलीला सांगितले. एका रविवारी ती पुस्तक परत न्यायला घरी आली होती. आम्ही दोघेही अध्यापक, म्हणजे एकाचे संपले की दुसरीचे सुरू. अँडरसन झाला, उर्वशी झाली, सत्यवती झाली. ती चहाचा कप हातात धरून ऐकत होती. आमचे संपल्यावर म्हणाली, "सर, पण यात शेवटी कोणी मरत नाही ना."

क्लोई मरते, असे आमच्यातला एक म्हणाला. त्यावर ती हसली.

"तसं नाही सर. दोघांपैकी कोणी नाही मरत. 'सैराट' आला तेव्हा आम्ही शाळेत होतो. घरी सगळ्यांबरोबर बघितला. शेवटी ते झालं तेव्हा आमच्याकडे कोणी काही बोललंच नाही. बाबांनी नुसता टीव्ही बंद केला." आणि थोडे थांबून, "तुम्हाला दर गोष्टीत कोणीतरी किंमत द्यायला पाहिजे असते. ती देणार कोण?"

'सैराट'मधला परश्या मच्छीमाराचा मुलगा आहे, हे आमच्या तोंडावर आले होते. वर्गात असतो तर बोललोही असतो. बोललो नाही. तिच्या आवाजावरून आम्हाला कळले की आपण पुस्तकावर बोलत होतो आणि ती पुस्तकावर बोलत नव्हती. आम्ही काही विचारले नाही. तिनेच विचारले, "मॅडम, तुमच्या घरी कसं मान्य झालं मग?"

आमचा विवाह आंतरजातीय आहे हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. अशा गोष्टी महाविद्यालयात तासांपेक्षा लवकर पोचतात. "झालं हळूहळू," असे आम्ही म्हणालो. ती गेली. पुस्तक मात्र नेले नाही. "राहू द्या तुमच्याकडेच," म्हणाली.

तिला सोडायला आम्ही विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत गेलो होतो. परत येताना वाटेत एका दुकानात झुलेलालची तसबीर दिसते. माशावर बसलेला पांढऱ्या दाढीचा तो प्रसन्न म्हातारा आम्ही रोज पाहतो. १९४७ नंतर सिंधी कुटुंबे इथल्या लष्करी छावणीत आली. त्यांची नदी मागे राहिली, नदीचा देव तेवढा बरोबर आला. १९४९ मध्ये छावणीचे उल्हासनगर झाले. आता त्यांच्या वाट्याला सिंधूऐवजी वालधुनी आहे, जिचे पाणी आम्ही कधी निळे आणि कधी तांबडे पाहिले आहे. कोणत्या दिवशी कोणता रंग, हे कारखान्यांनी काय सोडले यावर. ही नदी अंबरनाथच्या बाजूने काकोळ्याच्या डोंगरातून निघते आणि शिवमंदिराला वळसा घालून येते; तिथे तिचे मूळ शोधायला गेले तर स्वच्छ पाणी सापडते म्हणतात. त्या संध्याकाळी आम्ही फारसे बोललो नाही. बोलायला हवे ते दोघांनाही माहीत होते.

आमच्यातल्या एकाचे घर चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे, दुसरीचे अलिबागकडच्या कोळीवाड्यातले. लग्न २००६ सालचे, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. तीस दिवस आमची नावे कचेरीच्या फलकावर टांगलेली होती, आणि ती कोणी वाचू नयेत म्हणून आम्ही देव पाण्यात घातले होते. तरी कोणीतरी वाचलीच. आईंनी (आमच्यातला एक त्यांना 'अगं' म्हणतो, दुसरी 'अहो', लिहिताना 'अहो'च बरे) दोन दिवस जेवण टाकले. वास्तविक त्या घरात मासळीवाचून आठवडा जात नसे. पापलेट, कोळंबी, सोडे, बोंबील, सगळे प्रेमाने खाल्ले जाई. फक्त मासळी स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि मासळी आणणारी बाई उंबऱ्यापर्यंत. तिच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा नव्हता; पाणी कोणी विचारतच नसे.

मग देवी मदतीला आली. बोलता बोलता आईंना कळले की कोळीवाड्यातल्या आमच्या घराची कुलदेवता कार्ल्याची एकवीरा. आणि आईंची एकवीराच! कोळी, आगरी, कायस्थ प्रभू असे कितीतरी लोक त्या डोंगरावर जातात, यात शोध लागण्यासारखे काही नव्हते. पण आईंना तो शोध वाटला. "देवी एकच म्हटल्यावर आपणच की," असे त्या नातेवाइकांना सांगू लागल्या. वर्षभरात आमच्यातल्या दुसरीचे आजोबा, जे जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते, ते होडीचे मालक झाले. पुढे दोन होड्यांचे. एका बारशात आम्ही आमच्या कानांनी ऐकले की त्यांचा समुद्री व्यापार होता. उपरिचर राजाला याहून जास्त वेळ लागला नसेल.

आम्ही ते खोडले नाही. आपल्यामागे कोण काय सांगते याकडे लक्ष देऊ नये, आईंचे मन राखले जाते, घर टिकते, अशी कारणे तेव्हा पुरेशी वाटली. आजही त्यांतले एकही खोटे नाही. उंबऱ्याचा नियम होता तिथेच राहिला. दारावर येणारी कोळीण अजून बाहेरच बसते. फरक एवढाच की आता तिला पाणी आमच्यातली एक नेऊन देते, आणि देताना दोघी एकमेकींच्या बोलीत दोन शब्द बोलतात, तेव्हा आई आतल्या खोलीत असतात. लग्नाआधी वारलेल्या त्या खलाशी आजोबांचे नाव या घरात दोन होड्यांशिवाय कधी घेतले गेले नाही. जीभ कोणाची कापली गेली, हे अँडरसनवर व्याख्यान देताना आमच्या लक्षात यायला हवे होते.

म्हणून कादंबरी चांगली ठरते असे नाही. ती वाईटच आहे; क्लोईवर, रेनावर आणि त्या बिचाऱ्या समुद्रावर तिने अन्याय केला आहे, आणि हे परीक्षेच्या पेपरातही आम्ही असेच लिहू. पण त्या मुलीला आम्ही जे 'हळूहळू' म्हणून सांगितले ते उत्तर नव्हते. पुढच्या आठवड्यात तास संपल्यावर तिला थांबवून एकवीरेची आणि दोन होड्यांची गोष्ट सगळी सांगितली. तिने ऐकून घेतली. "म्हणजे तुमच्याकडे पण राजकन्याच निघाली," म्हणाली, आणि मग विचारले की नोटीस कचेरीत नक्की किती दिवस लावतात. तीस दिवस, असे आम्ही सांगितले. तिने वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहून घेतला.

पुस्तक आमच्याकडेच आहे. परवा आमची मुलगी ते घेऊन खिडकीत बसली होती. ती पंधरा वर्षांची आहे. तिने ते दोन दिवसांत संपवत आणले. आई शेजारी येऊन बसल्या.

"काय गं, एवढं काय आहे त्यात?"

"जलपरीची गोष्ट आहे, आजी. त्या मुलीची आई साधी नर्स असते ना, ती शेवटी राजकन्या निघते."

"निघायचीच," आई म्हणाल्या, आणि सोडे भिजत घातलेत का ते पाहायला आत गेल्या.